एकाच काट्यावर दोन उलट तक्रारी: सोयाबीनचं वजन आणि वस्तुमान

पार्श्वभूमी

लातूर जिल्ह्यात, बालाघाटच्या पठारावर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, एका शेतकरी उत्पादक कंपनीचं सोयाबीन खरेदी केंद्र आहे. गाव, कंपनी आणि माणसं ओळखू येणार नाहीत अशी काळजी इथे घेतली आहे. आकडेही हिशेब हातावर करता येईल इतके गोल ठेवले आहेत.

दसऱ्याच्या आगेमागे रास झाली की सभासद कट्टे घेऊन केंद्रावर येतात. कट्टा ५० किलोचा, बारदाना तागाचा, एक नग ५८० ग्रॅमचा. केंद्राने त्या हंगामात जुना दांडीचा तराजू बाजूला ठेवला आणि १०० किलो क्षमतेचा, २० ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवणारा इलेक्ट्रॉनिक प्लॅटफॉर्म काटा घेतला. तो दिल्लीच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवला होता. काट्यावर तिकडचा शिक्का होता, खोक्यात कॅलिब्रेशनचं, म्हणजे प्रमाणित मापं ठेवून आकडा जुळवल्याचं, प्रमाणपत्र होतं. प्रमाणपत्र कपाटात गेलं आणि काटा थेट कामाला लागला. 'हंगाम तोंडावर आहे, इथलं पासिंग नंतर करून घेऊ' असं ठरलं. पुढे जे झालं त्यातलं निम्मं या एका वाक्यात आहे.

साठलेला माल दर दोन-तीन आठवड्यांनी ट्रकने नांदेडच्या एका तेल गिरणीला जायचा. तिथे भुईकाट्यावर भरलेला आणि रिकामा ट्रक तोलून निव्वळ वजनाची पट्टी मिळायची.

अडचण

पहिली तक्रार शेतकऱ्यांची. एका सभासदाचं गावात किराणा दुकान आहे. त्याने दुकानातली शिक्क्याची २० किलोची दोन लोखंडी मापं पिशवीत घालून आणली आणि सगळ्यांसमोर काट्यावर ठेवली. आकडा ४०.०० वर आलाच नाही. ३९.९६ आणि ३९.९८ यांच्यात नाचत राहिला.

"गुरुजी, दांडीवर ठेवलं की बरोबर, इथं ठेवलं की कमी. काटा मारायलेत का आमचा?" त्याने विचारलं. गुरुजी म्हणजे संचालक मंडळावरचे विज्ञानाचे शिक्षक. त्यांच्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

दुसरी तक्रार चार दिवसांनी आली, आणि ती कंपनीच्या हिशेबनिसाची होती. केंद्राच्या वहीत १०,००० किलो लिहून पाठवलेला ट्रक गिरणीच्या पट्टीवर ९,९१० किलो भरला होता. ९० किलोंची तूट. ४,५०० रुपये क्विंटल भाव धरला तर ४,०५० रुपये.

दोन्ही तक्रारी एकत्र ठेवल्या की गंमत कळते. शेतकरी म्हणतो काटा कमी दाखवतो. तसं असेल तर शेतकऱ्याकडून घेतलेला माल वहीतल्या आकड्यापेक्षा जास्त असायला हवा आणि गिरणीत वजन वाढायला हवं. गिरणीत तर घटलं. काटा एकाच वेळी कमीही दाखवतो आणि जास्तही, असं होत नाही. म्हणजे दोन तक्रारींना दोन कारणं असणार. मंडळाने मात्र आधी दोन्हींना एकच कारण लावलं.

पहिलं निदान आणि ते का फसलं

बैठकीत गुरुजींनी दहावीचा पहिलाच धडा, गुरुत्वाकर्षण, मांडला. वस्तुमान म्हणजे वस्तूत द्रव्य किती, ते कुठेही नेलं तरी तेवढंच. वजन म्हणजे पृथ्वी त्या वस्तूला ज्या बलाने खेचते ते बल, आणि ते जागेनुसार बदलतं. आपण पठारावर, नांदेड खाली गोदावरीकाठी, म्हणून वजनात फरक पडला. सगळ्यांना पटलं. दोषही कुणाचा नव्हता, त्यामुळे जरा जास्तच पटलं.

धडा बरोबर होता. आकडे मात्र कुणी घातले नाहीत. घातले असते तर तीन ठिकाणी अडकायला झालं असतं.

एक, दिशा. पृथ्वीच्या केंद्रापासून दूर गेलं की खेच कमी होते. नांदेड समुद्रसपाटीपासून साधारण ३६० मीटरवर, म्हणजे आपल्या खरेदी केंद्रापेक्षा अडीचशे मीटर खाली, आणि थोडं उत्तरेलाही. तिथे वजन वाढायला हवं.

दोन, माप. गुरुत्व त्वरण विषुववृत्ताजवळ ९.७८० आणि ध्रुवाजवळ ९.८३२ मी./से.² असतं, आणि उंची १,००० मीटरने वाढली की सुमारे ०.००३ ने कमी होतं. लातूर परिसरात ते अंदाजे ९.७८४ येतं, नांदेडला ९.७८५. दहा टनांवर या फरकाचा परिणाम एक-सव्वा किलो. ९० किलोंचा खड्डा त्याने भरत नाही.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. गिरणीचा भुईकाटा नांदेडमध्येच, तिथेच आणलेली प्रमाणित मापं ठेवून पास केलेला आहे. तिथलं गुरुत्व त्याच्या आकड्यात आधीच वजा-जमा झालेलं आहे. त्या काट्यावरचा किलोचा आकडा म्हणजे वस्तुमानच.

काटा नेमकं काय मोजतो

दांडीच्या तराजूत एका पारड्यात माल, दुसऱ्यात माप. पृथ्वी दोन्हींना सारख्याच प्रमाणात खेचते, त्यामुळे खेच कमी असो की जास्त, दांडी तिथेच स्थिरावते. तो तराजू वस्तुमानाची वस्तुमानाशी तुलना करतो. चंद्रावर नेला तरी ५० किलोला ५० किलोच म्हणेल.

इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पाटाखाली लोड सेल असतो: धातूचा एक ठोकळा, त्यावर चिकटवलेले ताणमापक. भार आला की ठोकळा डोळ्यांना दिसणार नाही इतका वाकतो, ताणमापकाचा रोध बदलतो आणि काही मिलिव्होल्टचा संकेत निघतो. सेलला कळतं ते फक्त बल, म्हणजे न्यूटन. किलो त्याला ठाऊकच नाहीत. 'एवढा संकेत म्हणजे एवढे किलो' हे कॅलिब्रेशनच्या वेळी त्याच्या मेमरीत लिहिलेलं असतं, आणि ते लिहिताना त्या जागेचं गुरुत्व नकळत त्यात गोठतं. कमानीच्या ताणकाट्याचंही तसंच.

कपाटातलं प्रमाणपत्र बाहेर काढलं तेव्हा त्यावर कॅलिब्रेशनची जागा दिल्ली आणि गुरुत्व त्वरण ९.७९१ छापलेलं सापडलं. आता आकडे बोलू लागले. ५० किलो मालाचं वजन दिल्लीत सुमारे ४८९.६ न्यूटन, लातूरच्या पठारावर ४८९.२ न्यूटन. काट्याला दिल्लीचा हिशेब शिकवलेला, म्हणून ४८९.२ न्यूटन जाणवले की तो म्हणतो ४९.९६. फरक ०.०७४ टक्के, कट्ट्यामागे ३७ ग्रॅम.

किराणावाल्याच्या ४० किलोंवर हाच फरक सुमारे ३० ग्रॅमचा पडतो. खरा संकेत ३९.९७ च्या आसपास. काटा २० ग्रॅमच्या टप्प्याने बोलतो, ३९.९७ बरोबर दोन टप्प्यांच्या मध्ये येतं, म्हणून आकडा नाचत होता. त्याची तक्रार ग्रॅमपर्यंत खरी होती.

एक शंका बैठकीत निघाली: हवेच्या उत्प्लावक बलाचं काय? ५० किलो सोयाबीनचे दाणे जेवढी हवा बाजूला सारतात ती सुमारे ४५ ग्रॅम भरते. आकडा छोटा नाही, इथल्या फरकाच्याच तोलाचा आहे. पण तो लातुरात, दिल्लीत, दांडीवर, लोड सेलवर, सगळीकडे जवळजवळ सारखाच वजा होतो. दोन काट्यांमधल्या फरकात तो येत नाही. शंका चांगली होती, एवढंच.

काट्याची तपासणी

गुरुत्वाचा फरक कागदावर जुळला म्हणून काट्यात दुसरा दोष नाही असं होत नाही. म्हणून तपासणी क्रमाने झाली.

आधी बैठक. काट्याच्या कोपऱ्यातला पाणसळीचा बुडबुडा मधोमध नव्हता, गोदामाच्या फरशीला उतार होता. चारही पाय फिरवून तो मध्ये आणला. दारातून येणारा वारा लागू नये म्हणून काटा आतल्या भिंतीकडे घेतला, चालू करून अर्धा तास तसाच ठेवला, मग शून्य केला.

मग कोपरे. ३० किलो एकाच कोपऱ्यावर, असं चारही कोपऱ्यांवर. आकड्यात एका टप्प्याहून जास्त फरक नाही. म्हणजे पाट कुठे टेकत नव्हता, सेलची मांडणी ठीक होती.

मग शिक्क्याची २० किलोची पाच मापं एकावर एक. २० ला १९.९८, ४० ला पुन्हा तोच नाच, ६० ला ५९.९६, ८० ला ७९.९४, १०० ला ९९.९२. उतरवताना तेच आकडे, शेवटी शून्य.

या पाच आकड्यांत निदान आहे. चूक भाराच्या प्रमाणात वाढते. शून्य सरकलं असतं किंवा बारदान्याची वजावट चुकली असती तर २० किलोलाही तेवढाच फरक दिसला असता आणि १०० लाही. कुठे घर्षण असतं तर चढताना एक आणि उतरताना दुसराच आकडा आला असता. प्रमाणात वाढणारी चूक म्हणजे काट्याची 'पट्टी'च आखूड-लांब झालेली. गुरुत्वाचा फरक अशीच चूक देतो. लोड सेल जुना होऊन ढिला पडला तरी अशीच देतो. त्यामुळे सगळी चूक गुरुत्वाचीच, असं छातीठोक म्हणता येणार नाही. आकडा अचूक जुळतो, काटा नवा आहे, एवढं म्हणता येतं. उपाय दोन्हींवर एकच आहे.

कायद्याच्या नजरेने पाहिलं तर प्रकार मजेदार होता. या वर्गाच्या काट्याला ४० किलोच्या पुढे पासिंगच्या वेळी दीड टप्पा, म्हणजे ३० ग्रॅम, चूक चालते. वापरातल्या काट्याला दुप्पट, ६० ग्रॅम. कट्ट्यामागे ३७ ग्रॅम म्हणजे नव्याने पास होणार नाही, पण अचानक तपासणीत सुटेल. १०० किलोला ७४ ग्रॅम, तिथे मात्र दोन्हींत नापास.

मग ९० किलो कुठे गेले

ट्रकचा माल खरेदीच्या वेळी सरासरी १३.८ टक्के ओलाव्याचा होता, तो कट्टेनिहाय वहीत लिहिलेला होता. पत्र्याच्या गोदामात १९ दिवस राहिला. ऑक्टोबरचं ऊन, वर तापलेला पत्रा, नंतर कोरडा वारा. गिरणीच्या मॉइश्चर मीटरवर १३.० आला.

ओलावा ०.८ ने उतरला म्हणून माल ०.८ टक्क्याने घटतो, असं बहुतेक जण धरतात. तसं नसतं, कारण टक्का घटत्या मालाचाच असतो. दाण्यातलं कोरडं द्रव्य तेवढंच राहतं हे धरून मांडायचं. काट्याची चूक दुरुस्त करून खरा माल १०,००७ किलो. त्यात कोरडं द्रव्य ८६.२ टक्के. वाळल्यावर तेच द्रव्य एकूण मालाच्या ८७ टक्के झालं. १०,००७ गुणिले ८६.२ भागिले ८७ म्हणजे ९,९१५ किलो. ९२ किलो पाणी उडून गेलं. भुईकाटा १० किलोच्या टप्प्याने बोलतो, त्यामुळे ९,९१५ चे ९,९१० होणं त्याच्या टप्प्यातच बसतं. बारदाना वेगळा तपासला: दहा रिकामे मिळून ५.८ किलो, वजावट बरोबर.

म्हणजे केंद्रावर जे घडलं त्यात वजन बदललं, वस्तुमान नाही. ट्रकच्या बाबतीत वस्तुमानच घटलं. गुरुजींनी पहिली गोष्ट दुसरीवर लावली होती.

एक सावधगिरी इथे हवी. साधा मॉइश्चर मीटर अर्ध्या टक्क्याने इकडेतिकडे होऊ शकतो, आणि दहा टनांवर अर्धा टक्का म्हणजे ५७ किलो. ९२ चा आकडा इतका गोड जुळला त्यात नशिबाचाही भाग आहे. पक्कं हवं असेल तर नमुना प्रयोगशाळेत भट्टीत वाळवावा लागतो; अख्ख्या सोयाबीनसाठी १०३ अंश सेल्सिअसला ७२ तास.

विचारात घेतलेले पर्याय

काट्याबाबत सुरुवातीला सगळ्यात जास्त मतं पडली ती 'प्रत्येक कट्ट्याला ४० ग्रॅम वहीत वाढवून लिहा' याला. फुकट आणि लगेच होणारं काम. पण चूक भाराच्या प्रमाणात आहे. ३० किलोच्या अर्धवट कट्ट्याला ४० ग्रॅम चुकीचे. शिवाय काटा एक दाखवतो आणि वहीत दुसरं लिहिलं जातं, हे ज्या दिवशी बाहेर फुटेल त्या दिवशी 'काटा मारतात' हा आरोप सिद्ध झाल्यातच जमा.

काही काट्यांच्या मेन्यूत गुरुत्वाचा आकडा बदलता येतो. इथेही येत होता. एका तरुण सभासदाने व्हिडिओ पाहून तो बदलायची तयारी दाखवली. त्याला थांबवलं ते बरं झालं. ती सेटिंग सीलच्या आत असते, आणि सील तोडलेला काटा व्यापारात वापरणं बेकायदेशीर आहे, मग तुमचा हेतू कितीही स्वच्छ असो.

दांडीच्या तराजूवर परत जाणं भौतिकशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष होतं. हमालांनी हात वर केले. दिवसाला दीडशे-दोनशे कट्टे दांडीवर घालणं म्हणजे तोलाई दुप्पट.

राहिला सरळ मार्ग: परवानाधारक दुरुस्तीकाराला बोलावून काटा जागेवरच, प्रमाणित मापांनी, इथल्या गुरुत्वाला जुळवून घ्यायचा आणि वैध मापन शास्त्र विभागाच्या निरीक्षकाकडून शिक्का मारून घ्यायचा. तोवर तीन दिवस खरेदी बंद. यालाच शेवटी होकार मिळाला, तोही किराणावाल्या सभासदाने "तीन दिवस थांबू, पण डोळ्यांसमोर करा" म्हटल्यावर.

काय केलं आणि काय निघालं

दुरुस्तीकाराने १०० किलोची मापं ठेवून काटा जुळवला. नंतर २०, ४०, ६०, ८०, १०० ला नेमके तेच आकडे आले. निरीक्षकांनी तपासून शिक्का दिला. हे सगळं सभासदांसमोर झालं, आणि ४०.०० वर स्थिर राहिलेल्या आकड्याचे फोटो त्या संध्याकाळी गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरले.

मागची भरपाई किती द्यायची यावर बराच वेळ गेला. तोवर ३,१४० कट्टे तोलले गेले होते. कट्ट्यामागे ३७ ग्रॅम म्हणजे ११६ किलो, पैशात सुमारे ५,२०० रुपये, एका कट्ट्याला १ रुपया ६७ पैसे. 'एवढ्यासाठी कुठे वाटप करता' हेही मत होतं. शेवटी पुढच्या पट्टीत कट्ट्यामागे १ रुपया ७० पैसे वेगळी ओळ करून जमा केले.

खरा बदल ओलाव्याच्या हिशेबात झाला. कंपनी १४ टक्क्यांपर्यंत एकच भाव देत होती, आणि गिरणी १२ टक्क्यांच्या वर प्रत्येक अंशाला कपात करत होती. म्हणजे पाण्याचे पैसे कंपनी देत होती आणि तिला ते परत कुणीच देत नव्हतं. आता वहीत एक रकाना वाढला: '१२ टक्क्यांना समतुल्य किलो'. सूत्र सोपं, किलो गुणिले (१०० वजा ओलावा) भागिले ८८. त्या ट्रकला ते लावून पाहिलं. केंद्राचे १०,००० किलो १३.८ ला म्हणजे समतुल्य ९,७९५. गिरणीचे ९,९१० किलो १३.० ला म्हणजे समतुल्य ९,७९७. तूट नाहीच. हिशेबनिसाने ही दोन गणितं तीनदा करून पाहिली.

तोवर तोललेला सगळा १,५७० क्विंटल माल असाच वाळला असता तर घट जवळपास साडेचौदा क्विंटल, म्हणजे ६५,००० रुपयांच्या घरात गेली असती. तिचा मोठा भाग गिरणीची कपात कमी झाल्याने परत येतो. पण तो हिशेब समोर नसेल तर व्यवस्थापक ड्रायव्हरवर संशय घेतो आणि ड्रायव्हर गिरणीवर. इथे दोन्ही झालं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

काटा आला त्या दिवशी प्रमाणपत्रावरची जागा वाचायला दोन मिनिटं लागली असती. दिल्ली किंवा परदेशातला पत्ता दिसला की जागेवर कॅलिब्रेशन करूनच घ्यायचं. युरोपातून थेट आलेल्या काट्याला तर इथे पाव टक्क्याहून जास्त फरक पडतो, कट्ट्यामागे सव्वाशे ग्रॅमहून जास्त.

किराणावाल्याने मापं ठेवली त्याच दिवशी काटा बंद करायला हवा होता. मंडळाने आणखी अकरा दिवस तो चालवला. त्या अकरा दिवसांतले कट्टे वेगळे काढता आले, कारण वही तारखेवार होती, हे नशीब.

आणि गुरुजींचं स्पष्टीकरण ऐकल्यावर कुणीतरी एकच प्रश्न विचारायला हवा होता: "किती ग्रॅम?" तो प्रश्न शेवटी हिशेबनिसाने विचारला, बऱ्याच दिवसांनी.

आता २० किलोचं शिक्क्याचं एक माप काट्याशेजारी कायम असतं. रोज सकाळी पहिला कट्टा चढण्याआधी ते ठेवून आलेला आकडा वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहितात. त्याच पानावर मॉइश्चर मीटरचा आकडा येतो. मीटर स्वतः वर्षातून एकदा भट्टीच्या नमुन्याशी ताडून पाहायचा, असं ठरलं आहे. पहिल्या नमुन्याचा निकाल अजून यायचा आहे.